सगळं तोंडपाठ

बाबा मला 'तुम्ही' म्हणायला लागले तेव्हा आई हसली होती. "बघ, लेकीला किती मान," असं म्हणून तिनं तव्यावरची पोळी उलटली. मीही हसले. त्याच्या पंधरा दिवस आधी, माझ्या स्कूटीवर मागे बसलेले असताना बाबांनी मला विचारलं होतं, "तुम्ही कुठल्या गावच्या?" हे मी आईला सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते.

आईचं एक माप होतं. बाबा एका सकाळी दोनदा अंघोळ करत, चष्मा तांदळाच्या डब्यात सापडे, घरातल्या घरात संडासाचं दार चुकत. प्रत्येक वेळी आई शेवटी म्हणायची, "पोटच्या पोरीला ओळखतात ना? मग बाकीचं वयानं होतंच." हे ती मला नाही, स्वतःला सांगायची. ते माप कधीच मोडलं आहे हे फक्त मला माहीत होतं.

काकांचं माप वेगळं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, नगरच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. महिन्यातून एकदा गाडी काढून नेवाशाला आमच्याकडे यायचे. चहा झाला की म्हणायचे, "दादा, होऊन जाऊ द्या." बाबा मांडी सारखी करत, डोळे मिटत आणि मंत्र म्हणायला लागत. कुठं स्वर उचलायचा, कुठं श्वास घ्यायचा, कुठं हात खाली आणायचा, कशातही चूक नाही. पाऊण तास एका लयीत. मग काका माझ्याकडे वळायचे. "ऐकलंस? आणि तू म्हणतेस, हे विसरतात. अगं, मला काल काय जेवलो ते आठवत नाही."

आमच्यासारख्या घरातच ही चूक होऊ शकते असं मला वाटतं. दुसऱ्या कुणाच्या घरात माणसाला स्वतःची चप्पल ओळखू आली नाही, तर त्याला दवाखान्यात नेतील. आमच्यात हुशारी म्हणजे पाठांतर, संस्कार म्हणजे पाठांतर, आणि माणूस शाबूत असल्याचा दाखलाही पाठांतरच. बाबांनी चाळीस वर्षं आसपासच्या गावांत पूजा सांगितल्या, आधी सायकलवरून, मग लूनावरून. पोथी ते सोबत न्यायचे ती फक्त मान म्हणून. उघडायची वेळ कधी आलीच नाही.

मला मात्र त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं. वर्गात मराठी बोललं की बाहेर उभं करायचे. घरी आल्यावर इंग्रजी बोलायला कुणी नसायचं. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. सकाळी एका खोलीत बाबांचे मंत्र आणि दुसऱ्या खोलीत माझ्या इंग्रजी कविता, दोघांना एकमेकांचं काही कळत नसे. "तुझं तुला कळतंय ना? मग झालं," असं बाबा म्हणायचे. आता मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. गिऱ्हाइकांच्या तक्रारी येतात, मी टाइप करून उत्तरं देते. दिवसभर माझा आवाज कुणी ऐकत नाही. मला ते आवडतं.

लूनावरून निघालेले बाबा एकदा दुपारभर सापडले नाहीत, तेव्हापासून त्यांना पूजेला मी न्यायला लागले. आणि म्हणूनच त्या वास्तुशांतीला मी होते.

घर शेवगाव रस्त्यावरच्या एका गावात. घरधनी ऊस तोडायला जाणारा, त्याचे वडीलही तेच करत आलेले. वर्षातले पाच-सहा महिने कारखान्याच्या माळावर पाचटाच्या कोपीत काढायचे, आणि असे कितीतरी हंगाम काढून शेवटी दोन खोल्यांचं पक्कं घर झालं होतं. दाराला निळा रंग. चौकटीवर घरातल्या मुलीनं काढलेलं स्वस्तिक, एक पाय जरा लांब. बाईनं मला हात धरून मागची मोरी दाखवली, नळ सोडून दाखवला. "आता बाहेर जायला नगं, ताई," असं म्हणाली आणि पुन्हा एकदा नळ सोडला.

शुभकार्याच्या सुरुवातीला पूर्वजांची आठवण करतात, त्याला नांदीश्राद्ध म्हणतात. नावात श्राद्ध असलं तरी ते मंगल असतं. जानवं डाव्या खांद्यावर असतं तसंच राहतं, काळे तीळ लागत नाहीत. बाबांनी घरधन्याला त्याच्या गेलेल्या वडिलांचं नाव विचारलं, त्यानं सांगितलं, इथवर सगळं बरोबर होतं. मग बाबा थांबले. एखाद्या फाट्यावर माणूस थांबतो तसे. आणि त्यांचा हात गळ्याशी गेला आणि जानवं उजव्या खांद्यावर आलं.

मला मंत्र कळत नाहीत, पण हे कळतं. पितृपक्षात दर वर्षी बघितलं आहे. मेलेल्यांसाठीच तसं करतात.

'बाबा' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ मला मिळाला होता. पण खोलीत तीसेक माणसं होती आणि मी तीस माणसांत कधी तोंड उघडलेलं नाही. मी ताटातल्या सुपाऱ्या ओळीत लावत राहिले.

"उपरणं उजव्या खांद्यावर घ्या," बाबा घरधन्याला म्हणाले. "दक्षिणेकडं तोंड करा. तीळ कुठायत?"

त्यानं उपरणं घेतलं, तोंड फिरवलं. गुरुजी सांगतात म्हटल्यावर करायचं. त्याची बायको तीळ शोधायला आत गेली. बसलेल्या माणसांपैकी कुणालाच काही खटकलं नाही. खटकलं ते भिंतीला टेकून बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईला. नवऱ्याच्या दहाव्याला पुणतांब्याच्या घाटावर तिनं हेच सगळं लांबून बघितलं होतं.

"आरं," ती म्हणाली, "ह्ये तर दहाव्याचं हाय. माज्या लेकाच्या नव्या घरात ह्ये काय चाललंय?"

ती रडायला लागली. बाबांनी तिच्याकडे फार मायेनं बघितलं. "आजी, रडायचं नाही," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाला त्रास होतो."

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. कुणीतरी म्हणालं, गुरुजींना ऊन लागलंय. कुणीतरी म्हणालं, ऊन कसलं, हे मुद्दाम चाललंय. बाई आतून तिळाची पुडी घेऊन बाहेर आली आणि सगळे असे का उभे आहेत ते तिला कळेना. मी बाबांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं आणि स्कूटीवर बसवलं.

अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या गावच्या?"

"नेवाशाच्या," मी म्हटलं.

"वा. आम्हीही तिथलेच. कुणाच्या?"

"तुमच्या शेजारच्याच," मी म्हटलं.

"बरं झालं भेटलात," बाबा म्हणाले.

महिन्याभरानं त्यांना नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. काका सोबत होते. डॉक्टरांनी कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी छान वाटोळा गोल काढला आणि त्यात आठ पाकळ्यांचं कमळ भरलं, पूजेला तांदळात काढतात तसं. मग कागद डॉक्टरांकडे सरकवून म्हणाले, "मधोमध कलश ठेवा." काकांनी तिथंही ऐकवलं, की यांना सगळं तोंडपाठ आहे, म्हणायला सांगा. डॉक्टर म्हणाले, "असणारच. लहानपणी घोकलेलं सगळ्यांत शेवटी जातं. त्यावरून काही ठरवू नका. यांना स्मृतिभ्रंश आहे. डिमेन्शिया. औषधानं उतरण थोडी हळू होईल, थांबणार नाही." जिना उतरताना काका म्हणाले, "हल्ली प्रत्येक गोष्टीला एक इंग्रजी नाव असतं."

मी इंग्रजीतून सगळं वाचून काढलं. काय होतं, का होतं, पुढं काय होणार, बघणाऱ्या माणसाचे काय हाल होतात. आईला सांगायला बसले की दोन वाक्यांत संपायचं. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पण तुला तर ओळखतात." मी उठून कामाला बसायचे.

त्या गावात आमच्याबद्दल वेगळंच सुरू झालं होतं. त्या लोकांनी पुढच्याच आठवड्यात दुसरे गुरुजी बोलावून पुन्हा शांती केली. पण म्हातारी नव्या घरात झोपायला तयार नव्हती. आणि मग कुणाला तरी आठवलं, की भूमिपूजनालाही त्यांनी दुसऱ्याच गुरुजींना बोलावलं होतं. झालं. कारण सापडलं. गुरुजींनी डूख धरला, गुरुजींनी मुद्दाम उलटी पूजा घातली. दसरा झाल्यावर ती माणसं तोडीला गेली, आणि थंडीत एका पहाटे ऊस भरताना ट्रॉली मागे आली आणि घरधन्याच्या पायावरून चाक गेलं. पाय राहिला, पण त्यावर भार देता येईना. आता संशय राहिलाच नाही.

बाजाराच्या दिवशी त्याचे दोन भाऊबंद आमच्या दारात आले. पायरी चढले नाहीत. रस्त्यावरूनच एकजण ओरडला, "गुरुजी, तुमचं काय वाईट केलं हुतं आमी? पाय गेला त्याचा. आता कोयता कोन धरनार?"

बाबा आतून लगबगीनं आले, हात जोडून. "या, या. बसा. मुहूर्त काढायचाय का?"

"बघा," तो सोबतच्याला म्हणाला, "वरून थट्टा करतोय."

आई पुढं झाली. "अहो दादा, त्यांना बरं नाही. त्यांच्या लक्षात राहत नाही."

"मंतर म्हनताना लक्षात राहतंय व्हय? तवा बरं असतंय?"

जाताना तो पायरीजवळ थुंकला. आईनं बादलीभर पाणी ओतून जागा धुतली. बाबा तिच्यामागे उभे राहून विचारत होते, "कोण होते? कार्य कधीचं आहे?"

मग गल्लीतही ते पसरलं. हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. समोरच्या बाईनं आम्ही दारात असलो की मुलाला आत घ्यायला सुरुवात केली. आई तशीही कुठं जाऊ शकत नव्हती. बाबांना एकटं सोडायची सोय नव्हती, माझी कामाची वेळ ठरलेली. ती चार महिन्यांत एकटी भाजी आणायलाही गेली नाही. बाबांनी आयुष्यात कुणाचं वाकडं चिंतलं नव्हतं आणि आता ते मुद्दाम नवं घर बाटवणारे झाले होते, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. माहीत असण्याचं काम आईकडे होतं. मला एकच हवं होतं. हा आजार आहे, डाव नाही, हे त्या गावानं मान्य करावं.

त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात एक मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या. मी त्यांना मेसेज केला, कारण मेसेजमध्ये मी धीट असते. स्मृतिभ्रंशावर गावात कार्यक्रम ठेवाल का, मी बोलेन. त्या खूश झाल्या. "पण आपण तालुक्याला मोठा ठेवू ना, बॅनर वगैरे." मी लिहिलं, नाही, याच गावात. त्यांनी का म्हणून विचारलं. मी लिहिलं, इथं गरज आहे.

भाषण आधी इंग्रजीत सुचलं. मग ते आईला कळेल अशा मराठीत लिहिलं. आईला वाचून दाखवलं नाही. मोरीत नळ सोडून, दार लावून पंधरा दिवस म्हणत राहिले, तोंडपाठ होईपर्यंत. आपण काय करतोय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम झाला. वैशाखच होता, वास्तुशांतीला वर्ष होत आलेलं. मॅडमनी बॅनर केलाच. काका इस्त्रीचा सदरा घालून आले आणि अध्यक्षांच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांना कुणी बोलावलं होतं ते मला आजही माहीत नाही. सरपंच तासभर उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, मग शाल आणि नारळ, सरपंचांनी काकांना, काकांनी सरपंचांना. पुढच्या रांगेत आई बाबांना घेऊन बसली होती, हातात पाण्याची बाटली. घरधनी मागे खांबाला टेकून, काठी आडवी ठेवून बसला होता. त्याची म्हातारी बायकांत होती. ती बाबांकडे न बघण्याची काळजी घेत होती.

मी बोलले. आवाज कापत होता, पण बोलले. म्हटलं, हे म्हातारपण नव्हे, आजार आहे. कुणाचं केलेलं नाही, कुणावरचा रागही नाही. मेंदू एकेक गोष्ट सोडत जातो आणि काय सोडायचं ते माणसाच्या हातात नसतं. तुमच्या घरात कुणी तेच तेच विचारत असेल, वाट चुकत असेल, तर दवाखान्यात न्या, लपवू नका. त्यांच्यासमोर जाताना आपलं नाव आपणच सांगा. परीक्षा घेऊ नका. 'मी कोण सांगा बरं' असं कधीही विचारू नका, त्यातून काही कळत नाही, फक्त समोरचा माणूस ओशाळतो. आणि ज्या घरात असा माणूस आहे तिथं सल्ला द्यायला जाऊ नका. तासभर बसायला जा. म्हणजे त्यांना बघणारीला झोपता येईल.

शेवटच्या वाक्याला बायकांमध्ये हालचाल झाली. मागे एकीनं पदर डोळ्याला लावला. कोण होती, तिच्या घरी कोण होतं, माहीत नाही. मला वाटलं, पोचतंय. त्या एका मिनिटापुरतं मला खरंच तसं वाटलं.

मग काकांनी माईक घेतला. "मुलीनं छान सांगितलं. वाचन आहे तिचं. पण मंडळी, आजार असला तरी साधना काय चीज असते, ते प्रत्यक्षच ऐका. दादा, होऊन जाऊ द्या."

मी मान हलवत होते. काका माझ्याकडे बघतच नव्हते. कुणीतरी माईक बाबांसमोर धरला आणि बाबांचा चेहरा उजळला. मांडी सारखी केली, डोळे मिटले. सभामंडप घुमायला लागला. लोकांनी हात जोडले. मॅडम मोबाईलवर शूटिंग करत होत्या. बाबा संपवून थांबले तेव्हा टाळ्या थांबेनात. सरपंच म्हणाले, "गुरुजींना काय झालंय? आपल्यापेक्षा ठणठणीत हायेत." लोक हसले. काकाही हसले.

टाळ्या विरल्यावर घरधनी काठीवर भार देत उठला.

"ताई," तो म्हणाला. ओरडून नाही, सरळ आवाजात. "तुमी सांगितलं ते ऐकलं मी. आजार आसंल. पन आत्ता यवढं सगळं म्हनले त्ये. एक शबुद चुकला न्हाई. मग आमच्याच घरी चुकायचं कसं काय झालं?"

काकांनी घसा साफ केला आणि मांडीवरची शाल सारखी केली. तो बाबांकडे नाही, माझ्याकडे बघत होता. त्याच्या प्रश्नात खोट नव्हती. मी त्याच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. सात मिनिटांचं माझं भाषण पाऊण तासाच्या पाठांतरानं पुसून टाकलं होतं, आणि आता बाबा पूर्वीपेक्षा जास्त दोषी होते.

माझ्याकडे एकच पुरावा होता. तो मी वर्षभर दडवून ठेवला होता.

मी स्टेजवरून उतरले आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा," मी म्हटलं. "मी कोण?"

माईक अजून तिथंच होता. प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं, मदतीसाठी. आई हसत होती, काय हा प्रश्न अशा अर्थानं. मग बाबांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, नाव न आठवणाऱ्या यजमानांसाठी ठेवलेलं.

"तुम्ही त्या शेजारच्या ना," ते म्हणाले. "गाडीवरून सोडता मला. फार उपकार आहेत तुमचे."

आईच्या हातातली बाटली पडली नाही की काही नाही. तिनं ती फक्त मांडीवर ठेवली आणि तिचं टोपण लावायला घेतलं. टोपण लावलेलंच होतं. ती ते फिरवत राहिली.

"ऱ्हाऊ द्या, ताई," घरधनी म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. कळलं." तो खाली बसला आणि त्यानं तोंड फिरवलं. बाबांना काहीतरी चुकल्याचं जाणवलं होतं. ते ओशाळून इकडेतिकडे बघत होते आणि आईला हळूच विचारत होते, "का हो, दुसऱ्या कुणाच्या का या?"

गावाला त्या क्षणी पटलं. सगळ्या गावाला, एकदम. म्हातारी उठून आईपाशी आली आणि म्हणाली, "बाई, आमी न्हाई वळखलं." आईनं तिच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

काकांच्या गाडीतून परतलो. बाबा पुढं बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. कुकाणा मागे पडल्यावर आई म्हणाली, "कधीपासून?"

"त्या वास्तुशांतीपासून."

"वर्ष झालं."

"हो."

"मला घरी सांगता आलं नसतं? तिथं, सगळ्यांत कळायचं होतं मला?"

मी खिडकीतून बाहेर बघत होते. काका गप्प बसलेले मी पहिल्यांदा बघितले आणि त्याचाही मला आनंद झाला नाही.

आई माझ्याशी आठ-दहा दिवस बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण पोटच्या पोरीला ओळखतात हे वाक्य घरातून गेलं. आता ती रोज सकाळी बाबांना चहा देताना माझ्याकडे बोट करून सांगते, "ही आपली मुलगी." भाषणात मीच सांगितलं होतं, नाव आपणच सांगावं. बाबा कौतुकानं बघतात आणि म्हणतात, "हो का? छान." उलट्या पूजेचं बोलणं थांबलं. त्यासोबत बाकीच्या गावांतून येणारी पूजेची बोलावणीही थांबली, अर्थातच. बाबा धोतर नेसून, पिशवी भरून दाराशी बसतात. कुणी न्यायला येईल म्हणून दुपारपर्यंत बसतात. हे मीच केलं. मला हेच हवं होतं.

बाजाराच्या दिवशी कधीकधी ती म्हातारी येते. आईला म्हणते, जा तू भाजी घिऊन ये. आणि बाबांजवळ तासभर बसते. बाबा तिला दर वेळी नव्यानं सांगतात, "आजी, रडायचं नाही." ती म्हणते, "न्हाई रडत, गुरुजी." एवढंच एक त्या भाषणातून निघालं.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. पलीकडच्या तीन गावांत कार्यक्रम ठेवायचेत, तुम्ही याल ना? मी येईन म्हटलं. त्या म्हणाल्या, "बाबांनाही आणा. मंत्र नकोत. पण ते शेवटी विचारलंत ना त्यांना, 'मी कोण' म्हणून, ते घ्या. त्यानं लोकांना एकदम पटतं."

मी जाते. भाषण करते, आता आवाज कापत नाही. बाबांना नेत नाही. त्यामुळं कमी लोकांना पटतं.